जुन्या प्रकरणात नेमकं काय घडलं? कागदपत्रांवरून मांडणी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एका जुन्या प्रकरणावर लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

कागद शोधायला निघण्याआधी प्रश्न फोडा. पुण्यात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं प्रकरण घेऊ, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं. ‘आनंदीबाईने ध चा मा केला आणि पुतण्याला मारवलं’ हे ऐकायला एक वाक्य आहे, पण त्यात निदान पाच दावे आहेत. गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकरी शिपायांनी, नारायणरावांना मारलं. गारद्यांजवळ नारायणरावांचे काका आणि आनंदीबाईंचे पती राघोबादादा यांचा लेखी हुकूम होता. त्या हुकमात ‘धरावे’ असा शब्द होता. तो पुढे ‘मारावे’ झाला. आणि तो बदल आनंदीबाईंनी केला.

एका ओळीला एक, असे हे दावे वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर जागा सोडा. पुरावा हाती आला की तो कोणत्या ओळीसमोर बसतो ते पाहा. पहिल्या ओळीसमोर भरपूर जमा होतं. चौथ्या-पाचव्या ओळीसमोर जवळजवळ काहीच येत नाही. बहुतेक लेख इथेच घसरतात. पहिल्या दाव्याचा भक्कम पुरावा दाखवायचा आणि वाचकाकडून पाचवा दावा मान्य करून घ्यायचा, असा तो प्रकार. लिहिणाऱ्यालाही कळत नाही की आपण उडी मारली.

अस्सल, नक्कल, बखर, शकावली, करीना. यांत कशाचं वजन किती?

अस्सल म्हणजे ज्या दिवशी, ज्या कामासाठी लिहिला तोच कागद. नक्कल म्हणजे त्याची उतरवलेली प्रत. ती त्याच दिवशी दफ्तरात ठेवलेली असू शकते किंवा शंभर वर्षांनी वारसाने केलेली असू शकते, म्हणून ‘नक्कल’ एवढंच लिहून भागत नाही. कधीची आणि कोणी केलेली, हे सांगा. करीना म्हणजे एखाद्या घराण्याने वतनाची किंवा भांडणाची सांगितलेली हकिकत. ती बहुधा वादातली एक बाजू असते. शकावलीत तारीखवार टिपणं असतात. बखर बऱ्याचदा घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून रचलेली असते.

साधारण क्रम हाच, पण तो डोळे मिटून लावू नका. वि. का. राजवाड्यांनी बखरींवर कडक टीका केली, ती रास्तच होती. तिचा अर्थ बखर रद्दीत घालावी असा मात्र नाही. घटना कशी घडली याबद्दल बखर लंगडी असली, तरी त्या घटनेबद्दल लोक काय मानत होते याचा ती चांगला पुरावा असते. उलट अस्सल पत्रही खोटं बोलू शकतं. फितुरी लपवणारा माणूस स्वतःच्या हाताने, खऱ्या तारखेला, खऱ्या शिक्क्याने साळसूद पत्र लिहितो.

आमचा कल विचाराल तर हिशेबाच्या कागदांकडे. रोजकीर्दीत त्या दिवशी कोणाला किती रुपये दिले आणि मुक्काम कुठे होता एवढंच असतं. ते लिहिणाऱ्या कारकुनाला तुम्हाला काही पटवायचं नव्हतं. अमुक सरदार अमुक दिवशी पुण्यात होता की नव्हता, हे दहा रसाळ पत्रांपेक्षा वैरणीच्या खर्चाची एक नोंद जास्त खात्रीने सांगते.

पुण्यात कागद कुठे बघायला मिळतात?

पेशवाईसाठी पहिली जागा पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचं पेशवे दफ्तर. कागद रुमालांत बांधलेले असतात आणि मागणी रुमालाच्या क्रमांकाने करायची असते. म्हणून आधी याद्या बघा, विषय आणि प्रांत ठरवा, मगच रुमाल मागवा. ‘नारायणरावांचं काय असेल ते द्या’ असं म्हणून चालत नाही. याच दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून काढले. आधी ते चाळा. मात्र ती निवड आहे हे विसरू नका. छापलेल्या कागदाच्या वर-खाली रुमालात काय होतं, हे रुमाल सोडल्याशिवाय कळत नाही.

दुसरी जागा सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते १९१० साली काढलं. घराण्यांची दफ्तरं तिथे आहेत, आणि मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत एकेका कागदावर झालेले वादही वाचायला मिळतात. ते वाद जरूर वाचा. मांडणी कशी करावी आणि कशी करू नये, दोन्ही तिथे दिसतं.

इंग्रजी अमदानीतल्या प्रकरणांसाठी, उदाहरणार्थ प्लेगच्या काळातल्या, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या खात्यांच्या फायली आणि त्या वेळची वर्तमानपत्रं लागतात.

मोडी लिपी येत नाही. लिप्यंतरावर काम भागेल का?

छापील लिप्यंतरावर सुरुवात करता येते. ज्या एका शब्दावर तुमचा सगळा मुद्दा उभा आहे, तो शब्द मात्र मूळ कागदावर पाहिल्याशिवाय लिहू नका. वाचता येत नसेल तर दोन जाणकारांना वेगवेगळं, एकमेकांचं वाचन न दाखवता विचारा.

मोडीत डोक्यावरची रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवतात. शब्दांमध्ये जागा सुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि आडनावं, गावांची नावं, रकमा आखडत्या खुणांनी लिहिलेल्या असतात. त्यामुळे चुका ठरावीक जागी होतात. शब्द चुकीच्या ठिकाणी तुटतो, गावाचं नाव ओळखीच्या गावाकडे ओढलं जातं, आणि रुपये-आण्यांच्या खुणा गोंधळ करतात. लिप्यंतर करताना फाटलेल्या जागी टिंबं द्या, शंकास्पद अक्षर चौकटी कंसात घाला, आणि मूळ लेखनाची ‘चूक’ सुधारू नका. ती चूक उद्या दुसऱ्या कोणाला लेखक ओळखायला उपयोगी पडते.

ध आणि मा यांचंही इथेच पाहून घ्या. ‘धरावे’चं ‘मारावे’ करायला नुसतं अक्षर बदलून भागत नाही, काना वाढवावा लागतो. सलग, गिचमिड ओळीत तेवढी जागा कुठून आणायची? मूळ चिठ्ठी समोर असती तर खाडाखोड भिंगाखाली तपासता आली असती. ती चिठ्ठी अभ्यासकांपुढे आलेलीच नाही, त्यामुळे अक्षरांवरचा हा सगळा वाद हवेतला आहे.

कागदावरच्या तारखेचं इंग्रजी तारखेत रूपांतर कसं करायचं?

निम्म्या मांडण्या इथेच फुटतात, म्हणून जरा सविस्तर.

शक असेल तर ७८ मिळवा. पौष महिन्यात इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १६९५ भाद्रपद म्हणजे १७७३. शके १५५१ फाल्गुन म्हणजे मात्र १६३०, १६२९ नव्हे. अधिक महिना असेल तर ‘प्रथम’ की ‘द्वितीय’ हे नीट पाहा, नाहीतर अख्खा महिना हलतो.

पेशवाईच्या कागदांत बहुधा शुहूर सन असतो आणि तो अरबी अंकशब्दांत लिहितात. एककं अशी: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. म्हणजे ‘अर्बा सबैन मया व अलफ’ = ४ + ७० + १०० + १००० = ११७४. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. भाद्रपदातला कागद असेल तर ११७४ + ५९९ = १७७३. सबा ७ आणि सबैन ७०, सलास ३ आणि सलासीन ३० या जोड्या घाईत वाचल्या की वर्षं इकडची तिकडे होतात.

महिन्यापुढे ‘छ ११ जमादिलाखर’ असं काही असेल तर ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी तारीख. ती अमावास्येनंतर चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून चंद्र हा शुद्ध पक्षातल्या तिथीपेक्षा एक-दोन अंकांनी मागे असतो. ही फुकटची कसोटी आहे. शुद्ध त्रयोदशीला चंद्र ११ किंवा १२ आला तर ठीक. १७ आला तर एक तर वाचन चुकलं, नाहीतर कागद संशयास्पद. एका दिवसाच्या फरकाने घाबरू नका, मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि आपली तिथी सूर्योदयाची धरतात.

मग वार तपासा. नारायणरावांचा खून भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५ म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्या दिवशी सोमवार येतो. कागदावर तिथी आणि वार दोन्ही असतील आणि जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या छापील कोष्टकात, ते जुळत नसतील, तर आधी स्वतःचं गणित तपासा, मग कागदावर संशय घ्या. याच क्रमाने.

परदेशी कागदांची गंमत आणखी वेगळी. इंग्रजांनी १७५२ च्या सप्टेंबरात नवी दिनगणना घेतली. त्याआधीच्या त्यांच्या तारखा जुन्या पद्धतीच्या, आणि वर्ष २५ मार्चला पालटणारं. सुरतेच्या वखारीतल्या पत्रावर १० फेब्रुवारी १६७० असेल तर ते आपल्या हिशेबाने १६७१ असू शकतं. पोर्तुगीजांनी नवी दिनगणना १५८२ सालीच घेतली, त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याच्या आणि सुरतेच्या पत्रांत एकाच दिवसाच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या पडतात. ‘बातमी घटनेच्या आधीच पोचली, म्हणजे कट होता’ असला निष्कर्ष काढण्याआधी एवढं बघून घ्यावं. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो.

कागद बनावट आहे हे कसं ओळखायचं?

आधी विचारा, हा कागद खरा ठरला तर फायदा कोणाचा? मराठी दफ्तरांत बनावटीचं मोठं कुरण म्हणजे इनाम, वतन आणि मानपान. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जमिनींचे हक्क तपासायचा अधिकार दिला आणि घराघरांतून सनदा बाहेर काढायची वेळ आली. ज्यांच्याकडे नव्हत्या, त्यातल्या काहींनी ‘मिळवल्या’. म्हणून वतनाचा कागद हाती आला की जरा जास्त वेळ द्या.

शिक्का वाचा आणि तारखेशी ताडून पाहा. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव असतं. थोरल्या बाजीरावांच्या शिक्क्यात ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असं येतं. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि पुढचे छत्रपती रामराजे यांच्या अमदानीत तिथे ‘राजाराम नरपति’ आलं. १७४५ ची तारीख आणि शिक्क्यात राजाराम, असा कागद दिसला तर पुढे वाचायला जास्त कष्ट घेऊ नका. किताबांचंही तसंच. माणसाला पद मिळण्याआधीच्या पत्रात ते पद लावलेलं असेल, तर लिहिणाऱ्याला पुढचा इतिहास माहीत होता.

मग कागदाची पाठ बघा. लांब सनदा तुकडे चिकटवून केलेल्या असतात आणि जोडांवर शिक्का मारतात. जोडावरची मोहोर दोन्ही तुकड्यांवर सलग बसते का? दफ्तरातून गेल्याचे ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे आहेत का? शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, आहे का? ही सनद खरोखर दिली असेल तर दफ्तरात तिची नोंद सापडण्याची शक्यता असते. नोंद सापडली तर हा सगळ्यात मजबूत आधार. नोंद न मिळणं मात्र उलट पुरावा नव्हे, कारण दफ्तर अपुरं आहे.

अक्षराबद्दल एक सावधगिरी. पत्र पेशव्यांचं असलं तरी अक्षर कारकुनाचं असतं, त्यामुळे ‘हे माधवरावांचं अक्षर नाही’ म्हणून कागद खोटा ठरत नाही. स्वदस्तुराच्या, म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या, ओळी वेगळ्या असतात, तुलना करायची ती त्यांच्याशी.

कागद आणि शाई सगळ्यात शेवटी. यंत्रावर बनलेला कागद एकोणिसाव्या शतकाआधीचा असूच शकत नाही. उजेडात धरल्यावर पाणचिन्हात साल दिसलं तर प्रश्नच मिटला. पण हातकागद जुना आहे म्हणून मजकूर जुना ठरत नाही. जुन्या वह्यांत कोरी पानं उरतातच, आणि बनावट करणाऱ्याला तेही माहीत असतं.

आणि एवढं करून कागद खोटा निघालाच, तर फेकू नका. कधी, कोणी आणि कशासाठी बनवला हे कळलं तर त्या नंतरच्या काळाबद्दल तो खरा पुरावा आहे.

तीन ठिकाणी तेच लिहिलेलं सापडलं. आता तरी सिद्ध झालं ना?

तिघांनी एकाचंच ऐकलं असेल तर साक्षीदार एकच. म्हणून प्रत्येक साधनाला ‘तुला हे कुठून कळलं?’ असं विचारा. एकसारखे शब्द, एकसारखी विचित्र चूक, घटनांचा एकसारखा क्रम दिसला की उगम एक समजावा.

‘ध चा मा’ ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्या १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. त्यानंतरच्या पुस्तकांतून, नाटकांतून, शाळेच्या धड्यांतून ती गोष्ट शेकडो वेळा आली. त्या शेकड्यांची बेरीज करून काही मिळत नाही. डफचा दाखला एवढंच सिद्ध करतो, की खुनानंतर ५३ वर्षांनी ही गोष्ट लोकांत पक्की रुजलेली होती.

स्वतंत्र पुरावे जुळणं कसं असतं ते शिवजन्माच्या तिथीत दिसतं. पूर्वी बखरींवरून १६२७ साल धरत. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद होती. एकट्या शकावलीवर लोक हलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पुढे तंजावरकडून कवींद्र परमानंदाचं शिवभारत हाती आलं, त्यातही हीच तिथी. मग राजस्थानातून, जोधपूरकडून, मिळालेल्या कुंडल्यांच्या संग्रहात याच तिथीशी जुळणारी कुंडली निघाली. मावळातल्या देशमुखांचं घर, संस्कृत कवी आणि राजस्थानी ज्योतिषी, या तिघांनी एकमेकांच्या वह्या उतरवल्या असण्याचं कारण नव्हतं. महाराष्ट्र शासनाने ही तारीख २००१ साली स्वीकारली.

‘काका, मला वाचवा’ हा पुरावा धरायचा का?

हा प्रश्न पुण्यात टाळता येत नाही. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून येणारा आवाज बाजूला ठेवू. शब्दांपुरतं बोलायचं तर विचारायचं एवढंच, की सांगणारा कुठे उभा होता? त्या क्षणी जवळ होते ते गारदी, राघोबादादा आणि नोकरचाकर. धन्याला वाचवायला गेलेला चाफाजी टिळेकर तर तिथेच मारला गेला. वाचलेल्यांपैकी ज्यांनी हे शब्द ऐकले असतील, त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःची मान सोडवायची होती.

म्हणून मांडणी अशी करा: नारायणराव राघोबादादांकडे धावले आणि आसरा मागितला, असं परंपरा सांगते आणि प्रसंग पाहता ते संभवनीय आहे. नेमके शब्द अवतरणचिन्हांत पुरावा म्हणून देऊ नका. संकटातल्या माणसाच्या तोंडचे नेटके, लक्षात राहणारे शब्द बहुधा नंतर घासूनपुसून आलेले असतात.

हेतू होता, संधी होती, फायदाही झाला. मग आणखी काय हवं?

कृती. राघोबादादांना गादी हवी होती आणि ते वाड्यातच नजरकैदेत होते, म्हणून हेतू आणि जवळीक दोन्ही आहेत. पण गारद्यांच्या थकलेल्या पगाराचा तंटाही होता, म्हणजे हेतू त्यांनाही होता. हेतूवरून संशयितांची यादी होते. निकाल लागत नाही.

आणखी एक. पुढे सत्ता बारभाईंच्या, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांच्या, हाती गेली, त्यामुळे पुण्याच्या दफ्तरात जो आवाज मोठा आहे तो राघोबादादांच्या विरोधकांचा. सुरतेला १७७५ मध्ये इंग्रजांनी राघोबादादांशी तह केला, म्हणून त्यांच्या कागदांतला त्या बाजूचा मजकूरही सोवळा नाही. इंग्रजांचा वकील मॉस्टिन त्या काळात पुण्यातच होता. त्याच्यासारख्याचं लेखन तहाच्या आधीचं असेल तर त्याचं मोल जास्त, नंतरचं असेल तर कमी. म्हणजे एकाच माणसाच्या दोन पत्रांना दोन वजनं द्यावी लागतात.

गणिताने काही सिद्ध करता येतं का?

खोडून काढता येतं. सवाई माधवरावांच्या जन्माबद्दल राघोबादादांच्या पक्षाने शंका घेतली होती. नारायणरावांचा मृत्यू ३० ऑगस्ट १७७३, मुलाचा जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४. मधले दिवस २३१. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत साधारण २६६ दिवस धरले, तर गर्भधारणा खुनाच्या आधी पाचेक आठवडे, म्हणजे जुलैच्या अखेरीस. तारखांवरून घेतलेला आक्षेप इथे संपतो. मूल कोणाचं, हे मात्र या वजाबाकीने सिद्ध होत नाही. तारखा आड येत नाहीत, एवढंच ती सांगते.

अशीच वजाबाकी प्रवासाला लावा. सांडणीस्वार किती दिवसांत पोचेल, पावसाळ्यात घाट चालू होता का, मुक्कामाच्या नोंदी काय म्हणतात. ‘त्या दिवशी तो तिथे असूच शकत नव्हता’ हे सिद्ध झालं की दहा पानांचा युक्तिवाद करायची गरज उरत नाही.

कागदच सापडला नाही, म्हणजे घडलंच नाही, असं म्हणता येईल?

तीन गोष्टी असतील तरच. घटना घडली असती तर ती लिहिणं त्या माणसाचं काम होतं, त्याचं त्या दिवसांचं लेखन आपल्याकडे सलग आहे, आणि लपवायचं त्याला कारण नव्हतं. यातली एक जरी नसेल तरी गप्प राहा. एखाद्या कीर्दीत मधले चार दिवसच गायब असतील, तर त्या चार दिवसांबद्दल कीर्द काहीही सांगत नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची घटना आहे, माणसं हयात आहेत. त्यांच्या आठवणी कशा वापरायच्या?

पानशेतचा पूर घ्या, १२ जुलै १९६१. धरण सकाळी फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी किती वाजता आलं, हे दहा जणांना विचारलं तर दहा वेळा मिळतात. याचा अर्थ कोणी खोटं बोलतंय असा नाही. नारायण पेठेत, शनिवार पेठेत आणि डेक्कनवर पाणी एकाच वेळी चढलं नाही, आणि ‘आलं’ म्हणजे कोणाला रस्त्यावर आलेलं, कोणाला उंबऱ्यावर.

म्हणून वेळ विचारू नका, खुणा विचारा. तुम्ही नेमके कुठे उभे होता? शाळा भरली होती का? पाणी कितव्या पायरीवर होतं? हे स्वतः पाहिलं की घरात ऐकलं? ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळ्या रंगाने लिहा. ‘आणि मग काय झालं?’ असं विचारून थांबा. ‘मिलिटरी आली होती ना?’ असं विचारलंत तर ‘हो’च मिळेल.

पाण्याची उंची मोजायला भिंतीवरची खूण असेल तर उत्तम, पण रस्त्यापासून मोजू नका. डांबराचे थर चढून रस्ते वर आलेले असतात. वाड्याच्या जोत्यापासून किंवा न बदललेल्या दगडी पायरीपासून मोजा आणि कुठून मोजलं ते लिहा. मग हे सगळं चौकशी आयोगाच्या अहवालाशी ताडा. अहवालालाही जबाब देणारे लोकच होते, आणि त्यातल्या काहींच्या नोकऱ्या पणाला लागलेल्या होत्या, हे ध्यानात ठेवून.

छापील पुस्तकांत तारखा सगळीकडे सारख्याच असतात. त्या तरी घ्याव्यात ना?

घ्या, पण तारीख कशाची ते बघा. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली ती २२ जून १८९७ ला. त्याच हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. ‘२२ जूनला रँड ठार’ हे वाक्य किती ठिकाणी आहे ते मोजू नये. मधले अकरा दिवस गाळले, की त्या काळातल्या तपासाचे आणि वर्तमानपत्रांचे कागद वाचताना सगळा घोळ होतो.

कोर्टातला पुरावा आणि इतिहासातला पुरावा सारखाच का?

काही कसोट्या सारख्या आहेत. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. ‘योग्य ताबा’ हा शब्द इतिहासातही फार कामाचा. कागद कोणाच्या घरी, कसा आणि कोणत्या गाठोड्यात राहिला, ही साखळी तुटली की वजन घटतं.

आपल्याकडची जुनी पद्धतही हीच होती. याज्ञवल्क्य स्मृतीत तीन प्रमाणं सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी, म्हणजे कागद, प्रत्यक्ष भोगवटा आणि साक्षीदार. तिन्ही नसतील तर दिव्य. मराठी महजरांत, म्हणजे गोतसभेच्या निवाडपत्रांत, हा क्रम पाळलेला दिसतो, आणि प्रसंगी उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्यही. दिव्याचा निकाल आज पुरावा म्हणून घ्यायचा नाही. पण वाद दिव्यापर्यंत गेला याचा अर्थ त्या वेळी कागद आणि भोगवटा दोन्ही कच्चे होते, आणि हे कळणं मोलाचं आहे.

फरक असा, की न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो. संशयाचा फायदा आरोपीला देऊन तो फाईल मिटवतो. तुमच्यावर ती सक्ती नाही. ‘ठरवता येत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे.

मग प्रत्यक्ष लिहायचं कसं?

खात्रीच्या पायऱ्या ठरवा आणि लेखभर त्याच शब्दांनी लिहा. ‘निर्विवाद’ म्हणजे स्वतंत्र समकालीन साधनं जुळतात. ‘बहुधा’ म्हणजे एक चांगलं साधन आहे आणि विरोधी काही नाही. ‘संभवनीय’ म्हणजे प्रसंगाला धरून आहे, साधन उशिराचं. ‘आधार नाही’ म्हणजे आधार नाही. नारायणरावांचं प्रकरण या पद्धतीने असं लिहिलं जाईल:

‘३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं, हे निर्विवाद. राघोबादादांचं गारद्यांशी आधीपासून संधान होतं, हे बहुधा खरं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष त्यांच्यावरच ठेवला, अशी परंपराही आहे. मूळ बेत फक्त धरण्याचा होता, हे संभवनीय. चिठ्ठीतलं अक्षर आनंदीबाईंनी बदललं, याला समकालीन कागदाचा आधार पुढे आलेला नाही.’

वाचायला हे ‘ध चा मा’इतकं चटकदार नाही, त्याला इलाज नाही. मात्र उद्या कोणी एका वाक्यावर आक्षेप घेतला तर बाकीची वाक्यं कोसळत नाहीत.

विरोधात जाणारा कागद लेखाच्या मधोमध आणा, तळटीपेत पुरू नका. त्याचं तुम्ही काय केलं ते सांगा. वाचन चुकीचं वाटतं, कागद नंतरचा वाटतो, की उत्तरच नाही. भांडणाला बसलेला वाचक तोच कागद आधी शोधतो.

टिपणं आणि फोटो कसे ठेवू? नंतर काहीच सापडत नाही.

परवानगी असेल तरच फोटो घ्या. पहिला फोटो रुमालाच्या चिठ्ठीचा, मग कागदाची पुढची बाजू मोजपट्टी ठेवून, मग पाठ. कोरी असली तरी पाठ घ्याच. फाईलच्या नावात संस्था, रुमाल, कागदाचा क्रमांक आणि पुढची-मागची बाजू एवढं हवं. तारीख मूळ कागदावर जशी आहे तशी एका रकान्यात आणि तुमचं रूपांतर दुसऱ्या रकान्यात ठेवा. मूळ पुसून रूपांतर लिहिलं आणि रूपांतर चुकलं, तर परत रुमाल मागवावा लागतो, आणि तो दुरुस्तीला गेलेला असतो.